उत्क्रांती थांबली का, हे घरच्या घरी कसे पडताळावे

औषधे, दवाखाने आणि मोबाइल आल्यापासून माणसाची उत्क्रांती थांबली, असे अनेकदा ऐकू येते. इंदुरातल्या मराठी घरांत महालक्ष्म्यांच्या जेवणाला तीन पिढ्या एका पंगतीत बसतात, तेव्हा हे विधान सहज पडताळून पाहता येते.

दिसेल त्या प्रत्येक फरकाला आधी दोन प्रश्न विचारावेत: हा गुण जनुकांवाटे मुलांत उतरतो का, आणि त्यामुळे पुढे जगणाऱ्या अपत्यांच्या संख्येत फरक पडतो का? दोन्ही उत्तरे होकारार्थी असतील, तरच नैसर्गिक निवडीचा विचार करावा. नातू आजोबांपेक्षा वीतभर उंच झाला, याचे श्रेय मुख्यतः आहाराला आणि कमी झालेल्या आजारपणाला जाते. नातवंडांच्या चष्म्यांचेही तसेच आहे, कारण दोन पिढ्यांत जनुके इतकी बदलत नाहीत; उघड्यावर खेळणे मात्र कमी झाले आहे.

मग दुधाकडे वळावे. कोणाला दूध पचते आणि कोणाचे पोट फुगते, हे केवळ विचारावे, मुद्दाम पाजून पाहू नये. सस्तन प्राण्यांत अंगावरचे दूध सुटल्यावर दुग्धशर्करा पचवणारे लॅक्टेज हे विकर घटते. गुरे पाळणाऱ्या समाजांत मात्र ते आयुष्यभर टिकवणारे जनुकीय बदल गेल्या सुमारे १०,००० वर्षांत पसरले. इंदूरच्या सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊबाजारात कढईतले दूध निर्धास्त पिणाऱ्या अनेकांच्या अंगी हा वारसा आहे.

सर्वांत बोलके उदाहरण इंदूरच्या पश्चिमेला, झाबुआ-अलीराजपूर भागात सापडते. तिथे आढळणाऱ्या सिकल सेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे जनुक एकाच पालकाकडून आले, तर घातक मलेरियापासून बरेच संरक्षण मिळते. दोघांकडून आले, तर गंभीर आजार होतो. मलेरिया आटोक्यात आला की त्या जनुकाचा लाभ ओसरतो, आणि उपचारांमुळे पूर्वी बालपणीच दगावणारे रुग्ण आईबाप होऊ शकतात. म्हणजे वैद्यकाने निवड बंद पाडलेली नाही, तिची चाळणी बदलली आहे, आणि मला हाच या साऱ्या पडताळणीतला कळीचा मुद्दा वाटतो.

सिकल सेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्याच शहडोल येथून सुरू झाली. घराण्यात या आजाराचा इतिहास असेल, तर पत्रिका जुळवण्याआधी दोघांचीही रक्ततपासणी करून घ्यावी आणि दोघेही वाहक, म्हणजे एकाच पालकाकडून हे जनुक मिळालेले, निघाल्यास समुपदेशकाला भेटावे.