नागपुरात स्वस्तातली बोल्ट अ‍ॅक्शन रायफल घ्यायची? आधी काडतूस ठरवा

यूट्यूबवर अमेरिकेतले व्हिडिओ बघून बरेच पोट्टे विचारतात की भाऊ, ते लोक डबाभर सरप्लसच्या, म्हणजे फौजेनं शिल्लक म्हणून विकलेल्या, गोळ्या घेऊन येतात अन् जुन्या मिलिटरीच्या रायफलीतून दिवसभर ठोकत बसतात, आपल्याकडे तसं काही स्वस्तात जमतं का. तसंच्या तसं नाही जमत. पण त्यामागचा जो हिशेब आहे, की रायफल एकदाच घ्यायची असते अन् गोळी दरवेळी घ्यावी लागते म्हणून आधी गोळी ठरवा, मग रायफल, तो हिशेब इथं पण लागू आहे, उलट इथं जास्तच.

तिकडचं थोडं समजून घ्या म्हणजे इथला फरक कळेल. तिकडे रशियाची मोसिन नगांट ९१/३० नावाची जुनी बोल्ट अ‍ॅक्शन (दरवेळी हातानं दांडा मागे-पुढे करून गोळी भरायची रायफल) एके काळी शंभर डॉलरच्या आत मिळायची अन् तिची ७.६२x५४आर गोळी ४४० च्या सीलबंद पत्र्याच्या डब्यात यायची, पितळेच्या ऐवजी लोखंडी केस (गोळीचं कवच), वरून लाखेचा थर, अन् प्राइमर, म्हणजे बुडाशी ठिणगी देणारा भाग, असा की नळी धुतली नाही तर गंज ठरलेला. मग त्या रायफली महाग झाल्या, २०२१ मध्ये अमेरिकेनं रशियन गोळीच्या नव्या आयातीचे परवाने बंद केले, तेव्हापासून बरेच लोक रुगर अमेरिकन रँचसारखी नवी रायफल ७.६२x३९ मध्ये घेतात कारण ती गोळी अजून त्यातल्या त्यात स्वस्त पडते. त्यांचा मुद्दा एवढाच, की फौजेनं जी गोळी ढिगानं बनवली तीच स्वस्त.

आपल्याकडे नेमकं उलटं आहे. जी गोळी फौज-पोलीस वापरतात ती गोळी चालणारी रायफल म्हणजे प्रोहिबिटेड बोअर, मनाई असलेलं नळीचं माप, लोक नुसतं पीबी म्हणतात. .३०३ अन् ७.६२ दोन्ही त्यात गेले, बोल्ट अ‍ॅक्शन असली तरी. त्याची परवानगी केंद्र सरकारकडून लागते, सामान्य माणसानं तो विषयच सोडून द्यावा. पश्चिम बंगालमधल्या ईशापूरच्या फॅक्टरीची ती प्रसिद्ध ७.६२ वाली २ए१ रायफल, जी इंग्रजी फौजेच्या जुन्या ली-एन्फिल्ड रायफलीच्या धर्तीवर बनली, ती अमेरिकेत सरप्लस म्हणून विकल्या गेली पण तुम्ही-आम्ही इथं ठेवू शकत नाही. काहून तर हेच.

म्हणून आपल्याला राहिलं नॉन-प्रोहिबिटेड बोअर, म्हणजे एनपीबी. बोल्ट अ‍ॅक्शनमध्ये खरं बघता तीनच पर्याय विचारात घेण्यासारखे आहेत, .३१५, .३०-०६ अन् .२२.

.३१५ ही आपली देशी सरप्लस समजा, सरप्लस नसताना. इंग्रजांच्या काळात फौजी बोअर लोकांच्या हाती जाऊ नये म्हणून निर्बंध होते, त्यातून ही जुनी ८x५०आर मॅनलिकरची गोळी शिकारी रायफलीत आली अन् स्वातंत्र्यानंतर ईशापूरच्या रायफल फॅक्टरीनं तिच्यावरच स्पोर्टिंग रायफल काढली. अ‍ॅक्शन (गोळी भरायची यंत्रणा) ली-एन्फिल्डचीच, मॅगझिन पाच गोळ्यांचं. मजबूत आहे, साधी आहे, अन् एन्फिल्डचं काम जाणणारे जुने कारागीर अजून सापडतात. गोळी खडकीच्या कारखान्यातली, बुडाशी केएफ लिहिलेली, अन् डीलरकडे कुठली रायफलची गोळी असायची शक्यता सगळ्यात जास्त तर हीच. गोळी जड अन् हळू चालते त्यामुळे लांबच्या अंतरावर ती भराभर खाली येते, शंभर मीटरच्या आसपास मात्र चांगली रायफल समाधान देते.

.३०-०६ ची रायफल पण ईशापूरनं काढली, ताकद जास्त, लांब पल्ल्याला .३१५ पेक्षा कितीतरी सरळ जाते, वापरलेली विदेशी रायफल कधी कधी चांगल्या भावात दिसते अन् माणूस फसतो. कारण गोळी बाहेरची असली की भाव ऐकून रायफल कपाटातच राहते. ज्याला महिन्यातून दोन-चार गोळ्याच झाडायच्या आहेत त्यानं घ्यावी, ज्याला सराव करायचा आहे त्यानं नाही, हे माझं स्पष्ट मत.

अन् .२२. याला लोक खेळणं समजतात. स्वप्नील कुसाळेनं २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ आणलं ते .२२ वरच. गोळी सगळ्यात स्वस्त, धक्का जवळपास नाही, आवाज कमी, अन् शिकायला याच्यापेक्षा चांगलं काही नाही. शिवाय आर्म्स अ‍ॅक्ट १९५९ च्या कलम १३ मध्ये मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सदस्याला टारगेट प्रॅक्टिससाठी .२२ रायफलच्या लायसन्सचा वेगळा उल्लेखच आहे, म्हणजे क्लबचा सदस्य असणं हा अर्जात मजबूत मुद्दा होतो. मला कोणी विचारलं की नेमबाजी करायची आहे, पैसे बेताचे आहेत, काय घेऊ, तर मी डोळे मिटून .२२ सांगतो, अन् घरी ताकदीची रायफल पाहिजे असा हट्टच असेल तर .३१५.

रानडुकरांचं पण बोलून घेऊ, कारण काटोल, उमरेड, सावनेरकडचे शेतकरी हेच विचारतात. पिकाच्या राखणीसाठी कायद्यात उल्लेख आहे तो ठासणीच्या बंदुकीचा, रायफलीचा नाही. अन् १९७२ च्या वन्यजीव कायद्यामुळे वनखात्याच्या परवानगीशिवाय डुकराला गोळी घातली की केस तुमच्यावर होते. शिवाय रायफलची गोळी चुकली तर पुढे किलोमीटरच्या वर जाते, सपाट शेतात मागे मातीचा बांध नसेल तर ती कोणाच्या वाडीत जाऊन पडेल सांगता येत नाही. त्या कामासाठी रायफल घेऊच नका.

आता लायसन्स. रायफल पसंत करून बयाणा देण्याच्या आधी हे करा, उलटं करणारे लय लोक अडकतात. नागपूर शहरात राहता तर अर्ज पोलीस आयुक्तांकडे, ग्रामीणमध्ये राहता तर जिल्हाधिकाऱ्यांकडे. फॉर्म ए-१, सोबत हत्यार सुरक्षित ठेवायची सोय, मेडिकल अन् हत्यार हाताळायच्या ट्रेनिंगचं सर्टिफिकेट, २०१६ च्या आर्म्स रूल्सनुसार. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच हत्यारं ठेवता येतात अन् लायसन्स पाच वर्षांचं झालं. म्हणून तुमच्या नावावर आधीच बारा बोअर अन् रिव्हॉल्वर असेल तर रायफलीला जागाच नाही (क्लबच्या सदस्याची टारगेट प्रॅक्टिसची .२२ तेवढी या मर्यादेत धरत नाहीत), आधी त्यातलं एक काढावं लागेल. लायसन्सवर बोअर काय लिहून मिळतो अन् वर्षाला किती काडतुसं मिळतात ते दोन्ही नीट वाचा, कारण स्वस्त गोळीचा हिशेब त्या आकड्याच्या पुढे जाऊ शकत नाही. घरी गोळ्या भरायचा तर विचारच नको, त्याला वेगळं लायसन्स लागतं अन् ते तुम्हाला मिळणार नाही.

नवी घ्यायची की जुनी? बजेट कमी असेल तर जुनी .३१५ हाच रस्ता, कारण विदर्भात अशा रायफली पुष्कळ घरांत पडून आहेत, मुलांना शौक नाही म्हणून वडिलांची रायफल काढायची असते. डीलरमार्फत घेतली तर सोपं. थेट माणसाकडून घेत असाल तर त्यानं विकायच्या आधी जिल्हा दंडाधिकारी किंवा जवळच्या पोलीस स्टेशनला लेखी कळवून ४५ दिवस थांबायचं असतं, हा कायदाच आहे, त्यामुळे "आज पैसे द्या, उद्या घेऊन जा" म्हणणाऱ्यापासून लांब राहा. रायफलवरचा नंबर अन् त्याच्या लायसन्सवरचा नंबर स्वतः जुळवून बघा, घासलेला किंवा पुन्हा ठोकलेला नंबर दिसला की तिथून उठून या.

रायफल हातात घेतली की पहिले बोल्ट उघडून चेंबर (नळीत गोळी बसते ती जागा) अन् मॅगझिन रिकामं आहे का ते डोळ्यानं अन् बोटानं बघा, समोरच्यानं रिकामी आहे म्हटलं तरी. मग बोल्ट काढायला सांगा. एन्फिल्ड अ‍ॅक्शनमध्ये बोल्ट मागे घेऊन बोल्ट हेड वर उचललं की तो बाहेर येतो, अन् बोल्टवरचा नंबर रायफलीच्या नंबराशी जुळला पाहिजे. नाही जुळला तर बोल्ट दुसऱ्या रायफलीचा आहे, हेडस्पेस म्हणजे गोळी बसल्यावर मागे राहणारी जागा गडबडली असू शकते, मग कारागिराकडून मापून घेतल्याशिवाय एक पण गोळी झाडू नका.

नळी आधी कोरड्या कापडानं पुसून मगच बघा. विकणारे तेल भरून ठेवतात, तेलात सगळी नळी चमकते. पुसल्यावर मागून उजेड टाकून आतल्या खाचा बघा, कडा धारदार अन् सरळ फिरत गेलेल्या पाहिजेत. थोडी काळसर झाक चालते, खड्डे पडले असतील तर भाव पाडा, अन् तोंडाजवळ खाचाच पुसल्या गेल्या असतील तर घेऊ नका. दोरीनं नळी ओढून साफ करणाऱ्यांनी तोंडाची एक बाजू झिजवलेली अशा रायफली भरपूर आहेत, बाहेरून पॉलिश एकदम नवी अन् गोळी कुठेही जाते.

डीलरकडे डमी काडतुसं असतात, ती भरून पाच वेळा तरी बोल्ट चालवून बघा. .३१५ च्या गोळीला बुडाशी कडा असते, त्यामुळे मॅगझिन भरताना वरच्या गोळीची कडा खालच्या गोळीच्या कडेच्या पुढे बसली पाहिजे, मागे बसली की अडकते अन् लोक समजतात रायफल खराब आहे. बोल्ट पुढे ढकलताना शेवटी जोर लागतो, तो पण बिघाड नाही, ही अ‍ॅक्शन बोल्ट बंद होताना कॉक होते, म्हणजे घोड्याची स्प्रिंग तेव्हा ताणल्या जाते. एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे केस बाहेर ओढणारा आकडा, मात्र बघा, केस अर्धवट बाहेर येत असेल तर त्याची स्प्रिंग गेली, ते दुरुस्त होतं. लाकडाला हात धरतो तिथं अन् अ‍ॅक्शनच्या मागे तडे गेलेत का बघा, फेविकॉल अन् पॉलिशनं झाकलेला तडा नख फिरवलं की कळतो.

रायफल घेतली की काडतुसं एकाच लॉटची घ्या जमेल तेवढी, लॉट बदलला की गोळी लागायची जागा बदलू शकते. बिल जपा, झाडलेल्या गोळ्यांचा हिशेब वहीत ठेवा, केसेस फेकू नका, नूतनीकरणाच्या वेळी विचारलं तर दाखवायला कामी येतं. डीलरकडे कुठं कोपऱ्यात जुना माल स्वस्तात मिळाला तर हिरवट पडलेली, केसला चीर गेलेली गोळी बाजूला काढून त्याला परत करा. गोळी झाडली अन् नेहमीपेक्षा बारीक आवाज आला तर लगेच दुसरी भरू नका, बोल्ट काढून नळीत गोळी अडकली का बघा.

जुन्या गोळीचा प्राइमर कसला होता हे बाहेरून कळत नाही म्हणून तो गंजवणाराच समजून चाला. अशा प्राइमरमधून नळीत मिठासारखा क्षार राहतो, तो हवेतली ओल ओढतो अन् तेलात विरघळत नाही, म्हणून नुसतं तेल फिरवणाऱ्यांच्या नळ्या जातात. त्याच दिवशी, उद्या नाही, मागच्या बाजूनं गरम पाणी ओतून नळी अन् बोल्ट हेड धुवा, कोरडं करा, मग पातळ तेल. नागपूरच्या मे महिन्यात सगळं कोरडंठाक असतं तेव्हा माणूस हलगर्जी होतो अन् जुलै लागला की कपाटातल्या रायफलीला आठवड्यात लाल डाग येतो. रेक्झिनच्या किंवा फोमच्या कव्हरमध्ये पावसाळाभर ठेवू नका, ते ओल धरतं. काडतुसं वेगळ्या कुलपात, अन् उन्हाळ्यात गच्चीखालच्या तापलेल्या खोलीत किंवा गाडीच्या डिक्कीत तर मुळीच नाही.

निवडणुकीची आचारसंहिता लागली की हत्यार जमा करायला सांगितल्या जातं, तेव्हा ती रायफल कित्येक आठवडे दुसऱ्याच्या कोठारात उभी राहते अन् तिथं कोणी तिला पुसत नाही. जमा करायच्या आदल्या दिवशी नळीत अन् बाहेरच्या लोखंडाला जरा जाड तेलाचा हात द्या, पावती घ्या, नंबर तिथंच तपासा, अन् परत आणल्यावर झाडायच्या आधी ते तेल नळीतून पूर्ण पुसून काढा.