मुलांना घड्याळ शिकवायचं? आधी मोठा काटा काढून ठेवा

मूल पाच-सहा वर्षांचं झालं आणि एक ते बारा आकडे न अडखळता ओळखू लागलं की घड्याळ शिकवायला घ्यावं. मोबाइलवरचे आकडे वाचता येणं निराळं आणि वेळ कळणं निराळं. त्यासाठी काट्यांचंच घड्याळ हवं.

१. घरातलं एखादं जुनं घड्याळ घ्या. सेल आणि काच काढा, मोठा काटा हलकेच उपसून ठेवून द्या. आठवडाभर फक्त लहान काटा बोटाने फिरवत खेळा. पाचावर आहे? पाच वाजले. पाच आणि सहाच्या बरोबर मध्ये? साडेपाच. ही पायरी बहुतेक घरांत गाळली जाते आणि पुढे घोळ होतो. चार पन्नासला लहान काटा पाचाला टेकायला आलेला असतो. माझी नात तेव्हा हटकून "पाच पन्नास" म्हणायची. लहान काट्याशी आठवडाभर खेळल्यावर तीच म्हणाली, "आजी, अजून पाचाला शिवला नाही गं!"

२. आठला पोहे, सातला शुभंकरोती, असे रोजचे तास त्या काट्याला जोडून द्या.

३. आता मोठा काटा परत बसवा आणि एका पोळीचे चार सारखे भाग करा. पाव, अर्धी, पाऊण हे शब्द मुलांनी ताटात ऐकलेले असतात, तेच घड्याळात येतात. मोठा काटा तीनावर असला की सव्वा, सहावर साडे, नवावर पावणे. इथे इंदुरात मुलं बाहेर 'सवा, साढ़े, पौने' ऐकतात. दोन्ही एकाच घरातले शब्द आहेत हे सांगितलं की ती खुलतात.

पावणेपाचला मात्र थांबा. 'पाच' ऐकून मूल काटा पाचाच्या पुढे नेतं. "पाचाला पाव कमी" असं म्हणत काटा मागून आणायला लावा. साडेएक आणि साडेदोन आपण म्हणत नाही, दीड आणि अडीच म्हणतो. बारा पंचेचाळीसला तर नुसतं "पाऊण वाजला". हे शब्द घरी बोलले नाहीत तर मुलांना दुसरीकडे कुठे मिळणार?

४. मिनिटांची घाई नको. पाचाचा पाढा पाठ झाला की घ्या, साधारण सातव्या वर्षी. बोट एकावर, "पाच एके पाच"; दोनावर, "पाच दुणे दहा"; असं बारापर्यंत, साठ.

५. मग खरं काम सोपवा. "पावणेसातला मला हाक मार" म्हणा आणि तुम्ही घड्याळाकडे पाहू नका. रविवारी गांधी हॉलला घेऊन जा. १९०४ सालच्या या इमारतीला इंदूरकर घंटाघरही म्हणतात, ते तिच्या मनोऱ्यावरच्या घड्याळामुळे. खाली उभं राहून विचारा, "लहान काटा कुठे आहे?" उत्तर येईपर्यंत स्वतः काही बोलू नका.