साथीचा आलेख काढावा कसा आणि वाचावा कसा

एखाद्या आजाराचा उद्रेक झाला, की लागणीचा स्रोत कुठे शोधायचा, लागण अजून चालू आहे का आणि केलेल्या उपायाचा गुण येतो आहे का, हे तीन प्रश्न लगेच उभे राहतात. तिन्हींच्या उत्तराची सुरुवात साथीच्या आलेखापासून होते. आडव्या अक्षावर तारखा आणि उभ्या अक्षावर नवे रुग्ण एवढीच त्याची रचना असली, तरी त्यात कोणती तारीख घ्यायची हे ठरवताना चूक झाली, तर पुढचा सारा अर्थ चुकतो.

मोजणीआधी रुग्ण कोणाला म्हणायचे ते लिहून काढावे. या व्याख्येत लक्षणे, काळ आणि ठिकाण स्पष्ट असावे. उदाहरणार्थ, ‘या वस्तीत राहणारी आणि अमुक तारखेनंतर २४ तासांत तीन किंवा अधिक वेळा पातळ जुलाब झालेली कोणतीही व्यक्ती’. ज्या कारणाचा संशय आहे ते कारण मात्र व्याख्येत कधीही घालू नये. ‘त्या विहिरीचे पाणी प्यायलेली व्यक्ती’ असे शब्द व्याख्येत आले, तर विहिरीचे पाणी न पिता आजारी पडलेले लोक मोजलेच जात नाहीत आणि संशय आपोआप खरा ठरतो. तपासादरम्यान व्याख्या बदलावी लागली, तर जुन्या नोंदीही नव्या व्याख्येने पुन्हा तपासाव्यात.

यानंतर लाइन लिस्ट तयार करावी. तिच्यात एका रुग्णाला एक ओळ असते आणि त्या ओळीत वय, लिंग, राहण्याचे ठिकाण, लक्षणे सुरू झाल्याची तारीख, तपासणीची तारीख, तिचा निकाल आणि संशयास्पद संपर्क यांची नोंद असते. आलेख लक्षणे सुरू झाल्याच्या तारखेवरूनच काढावा. नोंद झाल्याची तारीख घेतली, तर प्रयोगशाळेच्या सुट्ट्या आणि साचलेल्या अहवालांचे चढउतार आलेखात उतरतात आणि ते आजाराचे चढउतार वाटू लागतात. रुग्णाला नेमकी तारीख आठवत नसेल, तर आठवडी सुट्टी किंवा घरातला एखादा प्रसंग यांच्या आधाराने विचारावे. या एका रकान्यासाठी घालवलेला वेळ कधीच वाया जात नाही.

आलेखातील स्तंभाची रुंदी, म्हणजे एका स्तंभात किती काळातले रुग्ण मोजायचे ते, आजाराच्या अधिशयन काळावर, म्हणजे लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंतच्या काळावर ठरवावी. त्याच्या साधारण एक चतुर्थांश रुंदी सोयीची पडते. अन्नातील विषामुळे काही तासांत होणाऱ्या बाधेसाठी तासांचे, तर कावीळ अ (हिपॅटायटिस ए) या आजारासाठी सुमारे आठवड्याचे स्तंभ योग्य ठरतात.

आता आकार पाहावा. सर्वांना एकाच वेळी लागण झाली असेल, तर आलेख झपाट्याने चढतो, त्याहून सावकाश उतरतो आणि सगळे रुग्ण एका अधिशयन काळाच्या मर्यादेत बसतात. अशा वेळी लागणीची तारीख मागे मोजून काढता येते. कावीळ अ चा अधिशयन काळ १५ ते ५० दिवसांचा, सरासरी २८ दिवसांचा असतो. त्यामुळे शिखरापासून २८ दिवस आणि पहिल्या रुग्णापासून १५ दिवस मागे गेल्यावर मिळणाऱ्या तारखांच्या आसपास लोकांनी काय खाल्ले-प्यायले, ते शोधावे. गोवरासारखा आजार माणसाकडून माणसाकडे पसरतो, तेव्हा साधारण १० ते १४ दिवसांच्या अंतराने वाढत्या उंचीचे उंचवटे दिसतात आणि पुढे ते एकमेकांत मिसळतात. स्रोत दूषितच राहिला असेल, तर माथा सपाट आणि लांबट होतो. टोकाला एकटाच उभा असलेला रुग्ण चूक समजून वगळू नये, कारण तोच कधी साथीचा उगम असतो.

उपायाचा गुण आला का, हे केवळ उतारावरून ठरवू नये. १८५४ मध्ये लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवरील पाण्याच्या पंपाचा दांडा, त्या पाण्यातून कॉलरा पसरतो या संशयाने, ८ सप्टेंबरला काढण्यात आला, पण तोवर तिथला कॉलरा ओसरू लागला होता आणि हे खुद्द तो संशय मांडणारे डॉक्टर जॉन स्नो यांनीही मान्य केले होते. त्यांच्या युक्तिवादाचे खरे बळ तुलनेत होते. जवळच्याच मद्यनिर्मितीच्या कारखान्यातील कामगार त्या पंपाचे पाणी पीत नसल्याने वाचले, तर दूर हॅम्पस्टेडला राहून त्याच पंपाचे पाणी मुद्दाम मागवणारी एक स्त्री दगावली. म्हणून आलेखावरून सुचलेला संशय, स्रोताशी संपर्क आलेल्या आणि न आलेल्या लोकांत आजाराचे प्रमाण वेगवेगळे काढून पडताळावा. त्यासाठी रुग्णांइतकीच निरोगी माणसांचीही माहिती लागते, आणि घाईच्या तपासांत नेमकी तीच गोळा करायची राहते.

आलेखाच्या उजव्या टोकाबाबत विशेष सावध राहावे. शेवटच्या काही दिवसांत आजारी पडलेले बरेच जण अजून दवाखान्यात आलेले नसतात किंवा त्यांचे अहवाल बाकी असतात, त्यामुळे साथ वाढत असतानाही तिथे उतार दिसतो. मागील आठवड्यांत लक्षणे सुरू झाल्यापासून नोंद होईपर्यंत किती दिवस लागले ते पाहून तेवढ्या दिवसांचे शेवटचे स्तंभ फिकट रंगात दाखवावेत. तपासण्यांची संख्या कमी-जास्त झाली असेल, तर तपासलेल्यांपैकी बाधितांचे शेकडा प्रमाणही शेजारी द्यावे. आलेखाखाली वापरलेली व्याख्या, माहिती कोणत्या तारखेपर्यंतची आहे आणि लक्षणांची तारीख न मिळाल्याने किती रुग्ण आलेखाबाहेर राहिले, हे प्रत्येक प्रतीवर लिहावे.