ओटीटीचे दर वाढले की काय करायचं: ठेवायचं, खालच्या प्लॅनवर यायचं की बंद करायचं

दरवाढीचा मेल आला की बहुतेक घरांत दोनपैकी एक गोष्ट होते. कोणीतरी वैतागून सगळं बंद करतं आणि आठवड्याभरात घरच्यांची कटकट सुरू झाली की तेच पुन्हा नव्या दराने चालू करतं. नाहीतर "शंभर-दीडशेच तर वाढलेत, जाऊ दे" म्हणून मेल वर सरकवला जातो आणि पैसे कटत राहतात. दोन्हीकडे नजर वाढलेल्या आकड्यावरच असते. निर्णय घ्यायला तो आकडा फारसा कामाचा नाही. गेल्या दोन महिन्यांत घरात कोणी काय बघितलं आणि कुठल्या पडद्यावर बघितलं, हे हातात आलं की अर्ध्या तासात निकाल लागतो.

आधी बघा, वाढ नेमकी कशात झाली आहे

सगळीच वाढ दरपत्रकात दिसत नाही. ॲमेझॉन प्राइमचा वार्षिक दर डिसेंबर २०२१ मध्ये ९९९ वरून १,४९९ झाला, ती उघड वाढ. पण जून २०२५ पासून त्याच १,४९९ मध्ये प्राइम व्हिडिओवर जाहिराती आल्या आणि जाहिराती नको असतील तर वर्षाला ६९९ किंवा महिन्याला १२९ रुपये वेगळे लावले. म्हणजे पूर्वीसारखं बघायचं तर खर्च २,१९८, जवळपास निम्म्याने जास्त. नेटफ्लिक्सने डिसेंबर २०२१ मध्ये भारतात उलट दर उतरवले होते (मोबाइल १४९, बेसिक १९९, स्टँडर्ड ४९९, प्रीमियम ६४९), पण जुलै २०२३ पासून एका घराबाहेर पासवर्ड वाटायला बंदी आली. ज्यांची चार घरं एका खात्यावर चालली होती त्यांच्यासाठी ती दरवाढच होती. जिओसिनेमाचा एप्रिल २०२४ मधला २९ रुपये महिन्याचा प्लॅन तर फेब्रुवारी २०२५ मध्ये जिओहॉटस्टार झाल्यावर दुकानातूनच गेला.

म्हणून मेल आला की चार गोष्टी तपासा: रक्कम, जाहिराती, एकाच वेळी किती स्क्रीन, आणि चित्राचा दर्जा. रक्कम तीच राहून जाहिराती वाढल्या असतील, किंवा स्क्रीन वा दर्जा कमी झाला असेल, तरी ती वाढच समजा.

आणखी एक ओळ शोधा. काही सेवा जुन्या ग्राहकांना, ऑटो-रिन्यू (मुदत संपली की आपोआप पुढे चालू होणं) चालू आहे तोवर, जुनाच दर ठेवतात. अशी ओळ दिसली तर रागाच्या भरात बंद करू नका. एकदा तुटलं की परत येताना नवा दर लागतो.

साठ दिवसांचा हिशेब

नेटफ्लिक्सवर ब्राउझरमधून खात्यात जाऊन प्रत्येक प्रोफाइलची व्ह्यूइंग ॲक्टिव्हिटी तारखेसकट दिसते. प्राइम व्हिडिओत सेटिंग्जमध्ये वॉच हिस्टरी आहे. जिथे नीट इतिहास मिळत नाही तिथे "कंटिन्यू वॉचिंग"ची रांग बघा. तिथे सगळं दहा-दहा मिनिटं बघून सोडलेलं दिसलं तर तेही उत्तरच आहे.

कागदावर तीन रकाने पुरेत: सेवा, कोणी बघितलं, साधारण किती तास. सिनेमाचे अडीच तास, मालिकेच्या भागाची बावीस मिनिटं, असा ढोबळ अंदाज चालतो. "बघायचंय" म्हणून साठवलेल्या यादीला शून्य गुण द्या, कारण ती यादी वर्षानुवर्षं तशीच असते.

मग महिन्याचा दर भागिले महिन्याचे तास. १९९ रुपयांत बारा तास बघितले तर तासाला सोळा-सतरा रुपये पडतात, ते ठेवावं. २९९ रुपयांत एकच सिनेमा बघितला असेल तर तो सिनेमा भाड्याने घेतला असता तर? प्राइम व्हिडिओवर आणि यूट्यूबवर सुटे सिनेमे भाड्याने मिळतात. साधारण नियम असा असतो की भाडं भरल्यावर सुरू करायला ३० दिवस आणि एकदा सुरू केल्यावर संपवायला ४८ तास. रविवारी रात्री अकराला सुरू करून बुधवारी आठवण झाली की पैसे गेलेच, म्हणून मोकळी संध्याकाळ बघूनच बटण दाबा. आमचा ठोकताळा असा आहे: महिन्याला चार तासांखाली बघणं असेल तर ती सेवा कायम ठेवण्यात अर्थ नाही.

तास मोजताना एक दुहेरी खर्च हटकून सापडतो, तो म्हणजे मालिकांचा. आई किंवा सासूबाई स्टार प्रवाह नाहीतर झी मराठी केबलवर रोज ठरल्या वेळी बघत असतील, तर त्या वाहिनीचे पैसे केबलच्या बिलात जातच आहेत. त्याच मालिकांसाठी जिओहॉटस्टार किंवा झी फाइव्हचे पैसे वेगळे भरायचे का, हे त्यांनाच विचारा. बऱ्याचदा गरज असते ती चुकलेला भाग दुसऱ्या दिवशी बघण्याची, आणि तेवढ्यासाठी सगळ्यात खालचा प्लॅन पुरतो. उलट घरात सगळे फोनवरच बघत असतील तर केबल कशाला ठेवली आहे, हाही प्रश्न त्याच बैठकीत काढा.

प्लॅन टीव्हीकडे बघून निवडा

सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात. घरातल्या टीव्हीच्या मागचं स्टिकर किंवा सेटिंग्जमधलं रिझोल्यूशन बघा. ३२ इंची टीव्ही बहुतेक करून "एचडी रेडी" असतो, म्हणजे १३६६ × ७६८. त्याला फोर-के (सगळ्यात बारीक तपशिलाचं चित्र) पाठवलं तरी तो दाखवणार ७६८ ओळीच. अशा टीव्हीवर नेटफ्लिक्सचा ६४९ चा प्रीमियम घेणं म्हणजे महिन्याला ४५० आणि वर्षाला ५,४०० रुपये न दिसणाऱ्या चित्रासाठी देणं, कारण १९९ च्या बेसिकमध्ये ७२० ओळींचं चित्र मिळतंच. ४३ इंची टीव्ही आठ-दहा फुटांवरून बघत असाल तर १०८० आणि फोर-के यातला फरक मुद्दाम शोधावा लागतो. ५५ इंच आणि त्यापुढे, जवळून बघत असाल, आणि नेट किमान १५ एमबीपीएस सलग मिळत असेल, तर फोर-केचे पैसे द्या. नेटची मर्यादा असेल तर हेही लक्षात असू द्या की फोर-के तासाला सात जीबीपर्यंत डेटा खातं.

मोबाइल प्लॅनची गंमत उलटी आहे. स्वस्त म्हणून घेतला जातो आणि मग कळतं की तो टीव्हीवर कास्टही होत नाही. मग लगेच वरचा प्लॅन घेतला जातो. टीव्ही लावायचाच असेल तर सुरुवातच बेसिकपासून करा.

दोन स्क्रीन हव्यात म्हणून नेटफ्लिक्सचा स्टँडर्ड घेणाऱ्यांसाठी एक गणित. मुलगी पुण्यात हॉस्टेलला, आईवडील साताऱ्यात. स्टँडर्डचे ४९९ भरूनही ती त्या "घरा"त मोजली जात नाही. घरी बेसिक १९९ आणि तिला वेगळ्या खात्यावर मोबाइल १४९, एकूण ३४८. तिची आवडनिवड आणि बघितल्याचा इतिहास प्रोफाइल ट्रान्सफर करून नव्या खात्यात नेता येतो, त्यामुळे भांडणाचं कारण उरत नाही. अट एकच, घरी एका वेळी एकच पडदा चालणार.

महिना, तिमाही की वर्ष

वार्षिक प्लॅन स्वस्त दिसतो कारण आपण तो बारा महिन्यांनी भागतो. त्याला प्रत्यक्ष बघण्याच्या महिन्यांनी भागा. प्राइमचे २०२३ पासूनचे दर घ्या: महिना २९९, तिमाही ५९९, वर्ष १,४९९. पाच सुट्या महिन्यांचे १,४९५ होतात, म्हणजे वर्षात पाचपेक्षा कमी महिने लागत असेल तर वार्षिक घेऊ नये. दोन तिमाह्या १,१९८ मध्ये बसतात. जिओहॉटस्टार प्रीमियम सुरू झाला तेव्हा तिमाही ४९९ आणि वार्षिक १,४९९ होतं, म्हणजे तीन तिमाह्या आणि वर्ष सारखंच. आजचा दर ॲपमध्ये बघा आणि हाच भागाकार करा. प्राइम तुम्ही घरपोच सामानासाठी घेत असाल तर मात्र व्हिडिओचा हिशेब त्यात मिसळू नका. डिलिव्हरीतच पैसे वसूल होत असतील तर व्हिडिओ वरची मिळकत.

फक्त आयपीएलसाठी जिओहॉटस्टार घेणाऱ्यांनी तिमाही घ्यावी. स्पर्धा मार्चच्या उत्तरार्धात सुरू होऊन मेअखेर किंवा जूनच्या सुरुवातीला संपते, तीन महिन्यांत आरामात बसते. पहिल्या सामन्याच्या दिवशीच घ्या, "ऑफर आहे" म्हणून फेब्रुवारीत घेतलीत तर अंतिम सामन्याआधीच मुदत संपू शकते.

आळीपाळीने ठेवा

एक सेवा कायम, बाकीच्या फिरत्या. हे सगळ्यांत जास्त पैसे वाचवतं आणि सगळ्यांत कमी लोक करतात. कायमची कुठली? साठ दिवसांच्या कागदावर जिथे दोनपेक्षा जास्त माणसांची नावं आली ती. बाकीच्या एका वेळी एकच, महिनाभर.

पद्धत अशी की पैसे भरल्याबरोबर त्याच दिवशी ऑटो-रिन्यू बंद करा. नेटफ्लिक्स, प्राइम, बहुतेक सगळीकडे बंद केल्यावरही भरलेल्या मुदतीपर्यंत बघता येतं, त्यामुळे शेवटच्या तारखेची आठवण ठेवावी लागत नाही. दर आठवड्याला एक भाग येणारी मालिका असेल तर शेवटचा भाग आल्यावर महिना घ्या. हिंदी सिनेमे सहसा चित्रपटगृहात लागल्यावर आठ आठवड्यांनी ओटीटीवर येतात, तेव्हा तारखेचा अंदाज बांधता येतो. नेटफ्लिक्स बंद केल्यावर दहा महिने प्रोफाइल आणि इतिहास जपून ठेवतं, म्हणजे "सगळं पुसलं जाईल" ही भीती नको.

मधल्या काळासाठी प्रसार भारतीचं 'वेव्हज' हे ओटीटी ॲप आहे, जे नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्यात इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या वेळी सुरू झालं. दूरदर्शनच्या वाहिन्या आणि जुना खजिना त्यावर बराचसा फुकट आहे. परदेशात राहणाऱ्यांनी स्थानिक लायब्ररीच्या कार्डावर कॅनोपी किंवा हूपला या सिनेमे दाखवणाऱ्या सेवा मिळतात का, हे आधी विचारावं. अमेरिका-कॅनडात अनेक लायब्ररींत ते विनामूल्य असतं.

रिचार्जबरोबर "फुकट" ओटीटी

फुकट शब्द खोडा आणि वजाबाकी करा. समजा ओटीटीसकट ८४ दिवसांचा रिचार्ज १,३०० चा आहे आणि तेवढाच डेटा, तेवढेच दिवस, ओटीटीविना ८६० ला मिळतो. फरक ४४०. महिन्याला १४९ चा मोबाइल प्लॅन सुटा घेतला तर ८४ दिवसांचे साधारण ४१५ होतात. म्हणजे फुकट तर नाहीच, पंचवीस रुपये वर गेले, शिवाय रिचार्ज बदलायची मोकळीक गेली. काही पॅक खरंच फायद्याचे असतात, विशेषतः ब्रॉडबँडबरोबरचे, पण वजाबाकी केल्याशिवाय सांगता येत नाही. आणि पॅकमधून मिळालेली सेवा तुम्ही सुटीही भरत नाही ना, हे तपासा. अशी दुहेरी भरणा करणारी घरं कमी नाहीत.

बंद करण्याचा क्रम

ॲप फोनमधून काढून टाकलं म्हणजे सबस्क्रिप्शन बंद झालं असं होत नाही. पैसे कटतच राहतात. क्रम असा ठेवा:

१. पैसे कुठून जातात ते शोधा: सेवेच्या साइटवरून, गूगल प्लेमधून, आयफोनच्या सबस्क्रिप्शन्समधून की मोबाइल कंपनीच्या बिलातून. जिथून घेतलं तिथूनच बंद होतं.

२. आधी सेवेच्या खात्यात रद्द करा आणि "अमुक तारखेपर्यंत चालू राहील" या पानाचा स्क्रीनशॉट घ्या. आयफोनवरून असेल तर मुदतीच्या किमान २४ तास आधी.

३. मगच यूपीआय ॲपमध्ये ऑटोपे उघडून मॅन्डेट (पैसे आपोआप कापायला तुम्ही दिलेली परवानगी) रद्द करा. कार्ड असेल तर बँकेच्या ॲपमधल्या ई-मॅन्डेटच्या पानावरून.

उलट केलंत, म्हणजे नुसतं मॅन्डेट मोडलं, तर खातं "पेमेंट बाकी" म्हणून लटकतं आणि दुसरं कार्ड जोडलेलं असेल तर पैसे तिथून जाऊ शकतात. ऑटोपे नुसतं "पॉज" केलं तर ठरलेल्या तारखेला ते आपोआप पुन्हा जागं होतं.

मॅन्डेट उघडलंच आहे तर त्यावरची कमाल रक्कम वाचा. दरमहा १९९ जात असले तरी मॅन्डेट त्याच्या कितीतरी पट रकमेचं असू शकतं. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे १५,००० पर्यंतच्या अशा वसुलीला दर वेळी ओटीपी लागत नाही, म्हणूनच वाढलेला दर न विचारता कटतो. मात्र कटण्याच्या किमान २४ तास आधी रक्कम आणि तारीख कळवणारा मेसेज येणं बंधनकारक आहे आणि त्याच मेसेजमधून ती वसुली नाकारता येते. हे मेसेज जाहिरातींच्या ढिगात जातात, त्यामुळे बँकेचे मेसेज म्यूट केले असतील तर आधी ते उघडा. नवं मॅन्डेट देताना कमाल रक्कम बदलता येत असेल तर आजच्या दराच्या जवळची टाका, म्हणजे दर वाढला की व्यवहार अडेल आणि तुम्हाला विचारावं लागेल.

रद्द करायचं बटणच सापडत नसेल, किंवा रद्द करूनही पैसे गेले असतील, तर आधी सेवेच्या हेल्पवर लेखी तक्रार करून क्रमांक घ्या. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. घेणं सोपं आणि सोडणं अवघड ठेवणं हा "सबस्क्रिप्शन ट्रॅप" नोव्हेंबर २०२३ च्या केंद्र सरकारच्या मार्गदर्शक तत्त्वांत नावानिशी निषिद्ध आहे, तेव्हा तक्रारीत तोच शब्द वापरा आणि रद्द केल्याचा स्क्रीनशॉट, पैसे कटल्याचा मेसेज, तक्रार क्रमांक, तिन्ही सोबत जोडा.