एकट्याने शर्यत करताना २० मिनिटांची डुलकी

मिनी ट्रान्सॅटसारख्या, अटलांटिक महासागर पार करायच्या शिडाच्या नौकांच्या शर्यतीत ६.५ मीटरच्या नौकेवर माणूस एकटाच. क्षितिजावर दिसलेलं मालवाहू जहाज वीसेक मिनिटांत अंगावर येऊ शकतं, म्हणून झोपही तेवढीच घ्यायची.

१. आडवं होण्याआधी चहूकडे नजर फिरवा. शिडाआडची बाजू हमखास राहून जाते, तिथे वाकून बघा.
२. वारा वाढेलसं वाटलं तर शीड आधीच कमी करा.
३. स्वयंपाकघरातला कर्कश टायमर लाइफजॅकेटच्या खांद्याला, अगदी कानाशी बांधा. मोबाइलचा गजर लाटांच्या आवाजात ऐकू येत नाही आणि ओल्या बोटांना स्क्रीन दाद देत नाही.
४. उठलात की पुन्हा चहूकडे बघा, मगच टायमर लावा.

किनाऱ्याजवळ आणि मासेमारीच्या पट्ट्यात मात्र एवढीही डुलकी नको.