आयक्लर घर विकत घ्यावे का? ठरवण्यापूर्वी काय तपासावे

कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेल, पालो आल्टो किंवा सॅन होजेमध्ये घर शोधणाऱ्या मराठी कुटुंबाच्या यादीत कधी ना कधी एखादे आयक्लर, म्हणजे जोसेफ आयक्लरने बांधलेले घर, येतेच. रस्त्यावरून पाहिले तर खिडक्या जवळजवळ नसलेली लाकडी भिंत आणि बसके छप्पर एवढेच दिसते. दारातून आत गेल्यावर मात्र अनेक घरांत वरून उघडे असलेले अंगण लागते आणि त्याच्याभोवती जमिनीपासून तुळईपर्यंत काच असते. वाड्यातल्या चौकाशी नाते असलेल्या आपल्या माणसांना असे घर पाहताक्षणी आवडते, आणि म्हणूनच ते घेण्याचा निर्णय अधिक सावधपणे करावा लागतो.

आयक्लर या बांधकाम व्यावसायिकाने १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून पुढच्या सुमारे पंचवीस वर्षांत कॅलिफोर्नियात जवळपास ११,००० घरे बांधली. त्यांपैकी बहुतेक बे एरियात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या भागात आहेत. आधुनिक शैलीचे घर केवळ श्रीमंतांसाठी न राहता मध्यमवर्गालाही परवडावे, हा त्यामागचा विचार होता. त्यासाठी खांब आणि तुळया उघड्या ठेवून घराचा सारा भार त्यांच्यावर टाकला आणि पोटमाळा, घराखालची पोकळी, आतल्या भिंतींवरचे प्लास्टर असे जे जे वगळता येईल ते वगळले. या घरांचे सौंदर्य आणि त्यांची दुखणी या दोन्हींचे मूळ इथेच आहे. इतर घरांत जे काही छताच्या वर किंवा फरशीच्या खाली दडवता येते, ते इथे एकतर डोळ्यांसमोर असते किंवा काँक्रीटमध्ये गाडलेले असते. त्यामुळे “आधी घेऊ, मग हवे तसे बदलू” या हिशेबाने आयक्लर घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ते आहे तसे हवे असेल, तरच पुढच्या पायऱ्यांकडे वळावे.

घर नेमके कोणते, ते ओळखावे

जाहिरातीत “आयक्लर शैली” असे शब्द दिसले की थोडे थांबावे. त्याच काळात इतरांनीही तशीच घरे बांधली. माउंटन व्ह्यूमधल्या मॉन्टा लोमा वस्तीत आयक्लर, मॅके आणि मार्डेल या तीन निरनिराळ्या बांधकाम व्यावसायिकांची घरे एकमेकांच्या शेजारी उभी आहेत. मॅकेचे घर वाईट असते असे मुळीच नाही, पण त्यासाठी आयक्लरची किंमत मोजण्याचे कारण नाही.

बांधकामाचे वर्ष काउंटीच्या (जिल्ह्याच्या) नोंदींतून पाहावे. मध्यभागी अंगण असलेले नमुने १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात आले, त्यामुळे त्यापूर्वीच्या घरात अंगण नसणे हा दोष नव्हे. वर्ष कळणे आणखी एका कारणासाठी महत्त्वाचे आहे. कोरियन युद्धाच्या काळात तांब्याची टंचाई असल्याने त्या सुमारास बांधलेल्या काही घरांत फरशीखाली तांब्याऐवजी पोलादी नळ्या घातल्या गेल्या. त्याचा परिणाम पुढे येईल.

त्यानंतर शहराच्या इमारत विभागाकडून त्या पत्त्यावरच्या सगळ्या परवान्यांचा इतिहास मागवावा. अंगणावर छप्पर घालून केलेली बैठक किंवा गाडीच्या जागी काढलेली खोली परवान्याशिवाय झाली असेल, तर ते क्षेत्रफळ आपल्या हिशेबात धरू नये.

वस्तीचे नियम वाचावेत

इथे अनेक खरेदीदारांची निराशा होते. पालो आल्टो आणि सनीव्हेल या दोन्ही शहरांत काही आयक्लर वस्त्यांना एकमजली निर्बंध लागू आहेत, म्हणजे तिथे दुसरा मजला चढवता येत नाही. घराला एवढी काच असताना शेजारी दुमजली घर उभे राहिले तर त्याच्या खिडकीतून आपली बैठक, जेवणघर आणि अंगण थेट दिसते, हे लक्षात घेतले की नियमाचे कारण आपोआप पटते. सनीव्हेलने २००९ मध्ये आणि पालो आल्टोने २०१८ मध्ये आयक्लर वस्त्यांसाठी स्वतंत्र रचना-मार्गदर्शिकाही तयार केल्या. कुटुंब वाढल्यावर वर दोन खोल्या काढायचा बेत असेल, तर तो इथेच मिटवावा किंवा दुसरे घर पाहावे.

पालो आल्टोतील ग्रीन गेबल्स आणि ग्रीनमेडो या वस्त्यांचा २००५ मध्ये ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदवहीत समावेश झाला. एवढ्या नोंदीमुळे खासगी मालकाला स्वतःच्या पैशाने बदल करण्याची मनाई होत नाही. बंधने येतात ती शहराच्या नियमांमुळे. घर ऐतिहासिक म्हणून नोंदलेले असेल आणि शहर मिल्स कायद्याच्या योजनेत सामील असेल, तर घर जतन करण्याच्या कराराच्या बदल्यात मालमत्ता कर कमी होऊ शकतो. एजंटने याचा नुसता उल्लेख केला असेल तर शहराकडे स्वतः विचारून खात्री करावी.

पालो आल्टोतील काही आयक्लर घरे पूरक्षेत्राच्या नकाशात येतात. तिथे सुधारणेचा खर्च घराच्या इमारतीच्या मूल्याच्या निम्म्यापर्यंत किंवा त्याहून वर गेला, तर संपूर्ण घराला आजचे पूरनियम लागू होतात, म्हणजेच फरशी पूरपातळीच्या वर न्यावी लागते. जमिनीला टेकलेल्या काँक्रीटच्या कोब्यावर उभ्या असलेल्या घराच्या बाबतीत त्याचा व्यवहारातला अर्थ असा, की मोठे नूतनीकरण जवळजवळ अशक्य होते. हे मूल्य केवळ इमारतीचे असते, जमिनीचे नव्हे, हे विसरू नये.

जुने खरेदीदस्त आणि वस्तीची बंधनपत्रेही वाचून घ्यावीत. त्या काळातल्या कॅलिफोर्नियातील अनेक वस्त्यांच्या कागदपत्रांत गोरेतरांना घर विकू नये अशी कलमे असत; अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९४८ च्या निकालाने ती न्यायालयामार्फत राबवता येईनाशी झाली, तरी प्रत्यक्षात भेदभाव चालूच होता. आयक्लरने मात्र वंश न पाहता घरे विकली आणि याच प्रश्नावरून १९५८ मध्ये राष्ट्रीय बांधकाम व्यावसायिकांच्या संघटनेचा राजीनामा दिला. घर घ्यावे की नाही हे यावरून ठरत नाही, पण आज त्या रस्त्यांवर भारतीय नावांच्या पाट्या दिसतात तेव्हा हे ठाऊक असलेले बरे.

तपासणी: फरशीपासून छपरापर्यंत

सर्वसाधारण घरतपासनीस इथे पुरेसा पडत नाही. आयक्लर घरांचा अनुभव असलेलाच माणूस शोधावा आणि तपासणीच्या वेळी आपण स्वतः हजर राहावे.

सुरुवात फरशीपासून करावी. या घरांत हवेची नळ्यांतून फिरणारी हीटिंग नसते. काँक्रीटच्या कोब्यात पुरलेल्या नळ्यांतून गरम पाणी फिरते आणि जमीनच ऊब देते. घरात चप्पल-बूट काढून वावरणाऱ्यांना हिवाळ्यात यासारखे सुख नाही. कोबा तापायला कित्येक तास लागतात, म्हणून विक्रेत्याला आदल्या रात्रीपासून हीटिंग चालू ठेवायला सांगावे आणि सकाळी प्रत्येक खोलीतून अनवाणी फिरावे. एखादी खोली गारच राहिली असेल तर त्या भागातला नळ्यांचा वेढा बंद केलेला असण्याची शक्यता असते. तपासनिसाकडे उष्णता दाखवणारा कॅमेरा असेल तर फरशीखालच्या नळ्यांची नागमोडी वळणे त्याच्या पडद्यावर स्पष्ट दिसतात, आणि गळतीच्या जागी त्या रेषेभोवती पसरट डाग उमटतो.

त्यापुढची कसोटी दाबचाचणीची. बॉयलरची जोडणी सोडवून नळ्यांत दाब भरतात, झडपा बंद करतात आणि दाबमापकाचा काटा ठरावीक वेळ पाहतात. काटा खाली सरकला तर कुठेतरी गळती आहे. तांब्याच्या नळीत एका जागी गळती निघाली म्हणून घर सोडून देऊ नये. तेवढा कोबा फोडून नळी जोडता येते. पण नळ्या पोलादी असतील तर आजचे भोक बुजवले तरी उद्या दुसरे पडणार, असे गृहीत धरावे आणि ती व्यवस्था आयुष्य संपलेली समजून पर्यायाचा पूर्ण खर्च हिशेबात घ्यावा. भिंतीवर बसणारे हीट पंप हा सर्वात कमी तोडफोडीचा पर्याय आहे, आणि त्यामुळे उन्हाळ्यातली थंड हवेची सोयही होते. जुन्या कोब्यावर नव्या नळ्यांचा थर देता येतो, पण त्याने फरशी उंचावते आणि मग दारे, काचेच्या चौकटी, कपाटे असे सगळेच मोजमाप बदलते.

आता वर पाहावे. आतून दिसणाऱ्या लाकडी फळ्या हेच छत आणि त्याच फळ्यांवर छप्पर; मध्ये पोकळी नाही. त्यामुळे पाणी झिरपले की फळ्यांवर काळसर डाग दिसतात, आणि नुकताच रंग दिलेले छत पाहून माझ्या मनात तरी आधी शंका येते. मूळचे डांबर-खडीचे छप्पर जाऊन आता बऱ्याच घरांवर फोमचे किंवा एकसंध पटलाचे छप्पर आले आहे. ते केव्हा केले, हमी शिल्लक आहे का आणि फोमवरचा संरक्षक थर शेवटचा कधी दिला, हे विचारावे. उष्णतारोधक थर फळ्यांच्या वरच बसवता येतो, म्हणून छप्पर बदलायला आले असेल तर ती एका अर्थी संधीच असते. सपाट भागात पाणी साचते का, हे पाऊस पडून गेल्यावर शिडी लावून पाहता आले तर उत्तम.

तुळयांची टोके छपराच्या बाहेर येतात आणि उन्हापावसात कुजतात. रंगाखाली लाकूड मऊ झाले आहे का, हे स्क्रूड्रायव्हरचे टोक दाबून लगेच कळते. घट्ट लाकडात ते शिरत नाही. खांब जिथे जमिनीला टेकतात तिथेही असेच पाहावे. वाळवी आणि कुजीच्या अहवालात “सेक्शन १” म्हणजे आत्ता असलेला प्रादुर्भाव किंवा नुकसान, आणि “सेक्शन २” म्हणजे पुढे नुकसान होऊ शकेल अशी परिस्थिती. पहिल्याच्या दुरुस्तीच्या रकमेवर नजर ठेवावी.

काचांच्या कोपऱ्यात बारीक कोरलेला शिक्का शोधावा. सुरक्षा काचेवर तो असतो. मूळच्या एकेरी काचेवर बहुधा नसतो, आणि ती फुटली तर तिचे लांब, धारदार तुकडे होतात. लहान मुले असलेल्या घरात निदान दारांलगतच्या काचा बदलण्याचा खर्च धरावा.

बाकीच्या गोष्टी लवकर आटोपतात. सांडपाण्याच्या वाहिनीत कॅमेरा घालून पाहावे. वीजपेटी फेडरल पॅसिफिक या जुन्या कंपनीची असेल तर ती बदलायचीच असे समजावे, आणि विद्युत गाडी व हीट पंप दोन्ही हवे असतील तर २०० अँपियरची जोडणी आहे का ते पाहावे. ९ इंची जुन्या टाइल्स आणि त्यांखालचा काळा गोंद यांत ॲस्बेस्टॉस असू शकतो. प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत त्या कोणीही उचकटू नयेत. आतल्या भिंतींवर पातळ लाकडी पत्रे असतात आणि त्यांमागे जिप्सम बोर्ड नसते, म्हणून आग वेगाने पसरते. विम्याचा दर ऑफर देण्यापूर्वीच मागवावा, तो ऐकून कधीकधी धक्का बसतो.

आपला संसार त्यात बसवून पाहावा

स्वयंपाकघर बैठकीला खुले असते. रोज फोडणी होणाऱ्या घरात धूर आणि तेलाचा अंश थेट त्या लाकडी भिंतींवर जाऊन बसतो, आणि ती भिंत पुसून प्लास्टरसारखी नवी होत नाही. चांगल्या क्षमतेचा हूड बसवायचा तर पोटमाळा नसल्याने त्याची नळी सरळ छपरातून बाहेर काढावी लागते आणि तिथे छपराला नवे भोक पडते. ते काम छप्परवाल्याशी बोलूनच करावे. नुसत्या हूडवाल्यावर सोडू नये.

सामानाचा प्रश्न याहून अवघड आहे. माळा नाही, तळघर नाही, भिंतींची बरीच जागा काचेने व्यापलेली. गणपतीची आरास, पाहुण्यांच्या गाद्या आणि भारतातून आलेल्या बॅगा कुठे राहतील, याचे उत्तर घर बघतानाच शोधावे. याउलट सहा महिने येऊन राहणाऱ्या आईवडिलांसाठी हे घर सोयीचे, कारण कुठेही जिना चढावा लागत नाही. मात्र खोल्या लहान असतात आणि भिंतींतून आवाज सहज जातो. पश्चिमेकडच्या काचेजवळ उन्हाळ्यातल्या दुपारी चार वाजता उभे राहून पाहावे, आणि एकदा अंधार पडल्यावर दिवे लावून बाहेरून घर कसे दिसते तेही पाहावे.

हिशेब आणि ऑफर

किमतीतला मोठा वाटा जमिनीचा असतो, पण त्या जमिनीवर मोठे घर बांधता येणार नसेल तर तिचे मोल आपल्यासाठी तेवढे राहत नाही. कॅलिफोर्नियात मालमत्ता कर खरेदीच्या किमतीवर बसतो आणि करपात्र मूल्य त्यानंतर वर्षाला जास्तीत जास्त २ टक्के वाढते. दर स्थानिक भर धरून साधारण १.१ ते १.२५ टक्के असतो. म्हणजे २५ लाख डॉलरच्या घरावर वर्षाला २७ ते ३१ हजार डॉलर. चाळीस वर्षांपूर्वी घर घेतलेला शेजारी याचा लहानसा अंशच भरत असतो, त्यामुळे त्याच्या खर्चावरून आपला अंदाज बांधू नये.

बे एरियात विक्रेते बहुधा ऑफरपूर्वीच तपासणीचे अहवाल देतात, ऑफरची एक तारीख ठरवतात, आणि स्पर्धेत अनेक खरेदीदार तपासणीची अट सोडून देतात. अट सोडायचीच असेल तर स्वतःची तपासणी त्या तारखेच्या आधी करून घ्यावी. त्याच आठवड्यात रस्त्यावरच्या दोन-तीन शेजाऱ्यांकडे जाऊन बोलावे. एकाच नमुन्याची घरे असल्याने कुठली नळी कधी गेली आणि कोणत्या कारागिराने नीट काम केले, हे ते अहवालापेक्षा नेमके सांगतात. विक्रेता दाबचाचणी करू देत नसेल, तर हीटिंग बंद पडलेली आहे असे धरून नव्या व्यवस्थेचा पूर्ण खर्च ऑफरमधून वजा करावा. तेवढ्या रकमेला घर मिळत नसेल, तर पुढच्या घराची वाट पाहावी.