परमुलखातली आई: वाचनगटात ही पुस्तकं कशी वाचावीत

१८९३ पासून मराठी ग्रंथसंग्रहालय चालवणाऱ्या ठाण्यात वाचनगटांना तोटा नाही. आमचा गट नौपाड्यात, सोसायटीच्या मीटिंग हॉलमध्ये भरतो. परदेशात स्थायिक झालेल्या कुटुंबाची कादंबरी निघाली की गाडी हटकून एकाच वळणावर जाते: आईनं संस्कार टिकवले की नाही, मुलं हाताबाहेर गेली का. तिथं रेंगाळलात तर कादंबरी निसटलीच म्हणून समजा. त्या घरातली आई रोज काहीतरी ठरवत असते. ते काय, हे शोधायला बसायचं.

सुरुवात झुंपा लाहिरी यांच्या ‘द नेमसेक’नं (२००३) करा. पहिल्याच पानावर १९६८ सालची अशिमा आहे, दिवस भरत आलेले. अमेरिकेतल्या केंब्रिजच्या लहानशा स्वयंपाकघरात ती राइस क्रिस्पीज, शेंगदाणे आणि चिरलेला लाल कांदा एका भांड्यात कालवते. वर मीठ, लिंबू, हिरवी मिरची. कोलकात्याच्या फुटपाथवर चार पैशांना मिळणारा, आपल्या भेळेचा भाऊ शोभेल असा खाऊ तिला हवा आहे, आणि मोहरीचं तेल काही मिळत नाही. हे पान गटात मोठ्यानं वाचा. ‘माहेरची आठवण येतेय बिचारीला’ म्हणून कुणी पुढं सरकू लागलं तर थांबवा. तिनं काय बदललं, काय बदललं नाही, आणि कशाची उणीव तिला अजून खुपते आहे, हे प्रत्येकीनं सांगावं.

मग हातात पेन्सिल घ्या. समासात तीनच शब्द लिहायचे: धरलं, सोडलं, जुळवलं. थँक्सगिव्हिंगची टर्की भाजायची, पण लसूण-जिरं चोळून, हे जुळवलं. मुलांसाठी आठवड्यातून एक रात्र अमेरिकन जेवण, तेही खिमा मेंढीचा वापरून. इथं आमच्यात खडाजंगी झाली, काहींनी ‘सोडलं’ लिहिलं होतं. अशी खडाजंगी व्हायलाच हवी. नावाचा प्रसंग तर कोणत्याही रकान्यात बसत नाही. बाळाचं नाव अशिमाच्या आजीनं पत्रातून कळवायचं, असं ठरलेलं. पत्र पोचत नाही, आणि जन्मदाखल्यासाठी नाव दिल्याशिवाय हॉस्पिटल घरी सोडत नाही. बारशाला आत्यानं कानात नाव सांगेपर्यंत निवांत राहणाऱ्या आपल्यासारख्यांना ही घाई चटकन कळते. आईनं धरून ठेवलेलं कागदपत्रांनी सोडवून घेतलं, अशी टीप चालेल.

एक गोष्ट मात्र विसरू नका: कुणाच्या डोळ्यांनी आई दिसते आहे? कादंबरीच्या मधल्या भागात बहुतेक वेळ आपण मुलाच्या, गोगोलच्या बाजूनं बघतो आणि अशिमा फोन करणारी, काळजी करणारी एवढीच उरते. बाई तीच, बघणारा बदललाय. हे लक्षात आलं नाही तर वाचणाऱ्या आयासुद्धा तिला सहज दोष देऊन मोकळ्या होतात. मला हे फार लागतं.

दुसऱ्या बैठकीला एमी टॅन यांच्या ‘द जॉय लक क्लब’मधला (१९८९) एकच प्रसंग पुरतो. अमेरिकेत स्थायिक झालेल्या चिनी आईची लेक वेव्हर्ली आपल्या अमेरिकन प्रियकराला, रिचला, आईकडे जेवायला नेते. आई, लिंडो, आपला सगळ्यात अभिमानाचा पदार्थ वाढते आणि म्हणते, यात मीठ काही पडलेलं नाही. ‘घाईत केलंय हो, गोड मानून घ्या’ म्हणणाऱ्या आपल्याकडच्या कोणत्याही यजमानीणबाईंना कळेल, की इथं पाहुण्यानं चव घेऊन वाहवा करायची असते. रिच पदार्थावर सोया सॉस ओततो. प्रसंग तिघींनी वाचून दाखवा आणि विचारा, दोन्हीकडचे रीतिरिवाज कुणाला ठाऊक होते? वेव्हर्लीला. मध्यस्थी आता आईची राहिलेली नाही, लेकीकडे आली आहे, आणि तिला ती पेललेली नाही. ही जबाबदारी कुठल्या पानावर हात बदलते, ते प्रत्येक कादंबरीत शोधा.

मोनिका अली यांची ‘ब्रिक लेन’ (२००३) मोठी आहे. वेळ नसेल तर सुरुवात आणि शेवट घ्या. लंडनला आलेल्या नाझनीनला इंग्रजीतलं ‘सॉरी’ आणि ‘थँक यू’ एवढंच येतं, आणि शेवटी नवरा बांगलादेशला परततो तेव्हा मुलींसोबत मागं राहायचं ती ठरवते. मधल्या पानांत ती घराबाहेर एकटी कधी कधी पडते, एवढंच टिपलं तरी तो प्रवास हाताला लागतो.

आपापले अनुभव पुस्तकानंतरच, आधी नकोत. आमच्याकडे कळव्याहून येणाऱ्या एका ताईंचं माहेर गोरखपूरचं. त्यांची धाकटी शाळेतल्या पालकसभेत बाईंचं मराठी आईला हिंदीत सांगायची. बाई बराच वेळ बोलल्या आणि मुलगी म्हणाली, “अक्षर सुधारो, बस.” बाईंच्या चेहऱ्यावरून ताईंनी ओळखलं होतं, पण सगळ्यांदेखत मुलीला खोटं पाडायचं नाही म्हणून गप्प राहिल्या, आणि मग घरी सावकाश विचारलं. हे ऐकल्यावर आम्ही वेव्हर्लीचा प्रसंग पुन्हा काढला आणि लिंडोच्या गप्प बसण्याकडे नीट पाहिलं.

इंग्रजी जड जाणाऱ्या मैत्रिणींसाठी प्रसंगाची दोन-तीन पानं एकीनं आधीच मराठीत सांगायची तयारी करून यावं. पुरुषांनाही बोलवा. अशिमा शेवटी घर विकून सहा महिने भारतात आणि सहा महिने अमेरिकेत राहायचं ठरवते, त्यावर समासात काय लिहिणार, हे त्यांना पहिल्यांदा विचारा.